आलेला आकडा

आमच्या ऑफिसात नवा कॉल मंजूर करून घ्यायचा असेल तर तो रचणाऱ्याला तोंडात पाण्याची गुळणी धरून बसावं लागतं. थट्टा नाही करत. टेबलाशी एक प्रोग्रामर बसतो, ज्याने तो कॉल आधी कधीच पाहिलेला नसतो. त्याच्या हातात एकच कागद: कॉलला काय द्यायचं, तो काय करतो, उत्तर काय येतं. तेवढ्यावरून त्याने प्रोग्राम लिहायचा. आणि मागच्या खुर्चीत आपण, गाल फुगवून. तो चुकला तरी बोलायचं नाही, त्याने कागद उलटा धरला तरी बोलायचं नाही. रजिस्टरात सही झाली की मगच पाणी गिळायचं. त्याआधी गुळणी सुटली तर कॉल बाद.

हा नियम आमच्या मुकादमांचा. तोंडावर आम्ही त्यांना 'सर' म्हणतो, मागे 'मुकादम'. साठी ओलांडलेला माणूस, चाळीस वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात काढलेली. त्यांचं म्हणणं असं की कॉल एकदा यंत्रात गेला की तुम्ही काय प्रत्येक वापरणाऱ्याच्या मागे उभे राहून 'अहो तसं नाही, असं' म्हणायला जाणार आहात? नाही ना? मग आत्तापासूनच गप्प बसायची सवय लावा.

कॉल म्हणजे काय, हे नातेवाइकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलंय, पण पुन्हा सांगते. यंत्रातली चिप, पडदा, मोटर सगळं ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात असतं. वरच्या प्रोग्रामला कशालाही थेट हात लावता येत नाही. त्याने खिडकीशी येऊन मागायचं: हे जपून ठेव, ते दाखव. त्या खिडकीत काय बोलायचं आणि आतून काय उत्तर यायचं, हे ठरवणं माझं काम. माझा मामा हे ऐकून म्हणाला, "म्हणजे तू खिडकीत बसतेस होय!" मी हो म्हणून टाकलं.

त्या दिवशी माझ्या 'ठेव' या कॉलची परीक्षा होती. रुग्णाच्या पलंगाशी लावायचा औषधाचा पंप आम्ही करत होतो. किती औषध गेलं याची प्रत्येक नोंद 'ठेव'ने जपायची. संध्याकाळी पाच वाजता अख्खी सिस्टिम कारखान्याला पाठवायची, तिथे ती चिपमध्ये कायमची कोरली जाणार, आणि मग दहा वर्षं काना-मात्रेचा बदल नाही. 'ठेव' पास झाला नाही तर त्याच्या जागी जुना 'लिही' जाणार होता. आणि 'लिही' चिपमध्ये जाऊ द्यायचा नाही, हे मी बारा वर्षांची असताना ठरवलं होतं. अकरा महिने मी 'ठेव'वर खपले होते ते त्यासाठी.

सकाळी दहाला परीक्षेच्या प्रोग्रामरचा फोन आला. बाईंची कंबर धरली होती. बुटाची नाडी बांधायला वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. निकाल देणारे मुकादम सोडले तर ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी 'ठेव'चा कागद पाहिलेला. पाचपर्यंत नवा माणूस आणायचा कुठून?

"वरचे प्रोग्राम लिहिणारं ओळखीचं कोणीच नाही तुझ्या?" शंकासुराने विचारलं. हा माझा सहकारी. प्रत्येक गोष्टीत शंका काढायचा पगार घेतो आणि परीक्षेच्या वेळी मन मानेल तेव्हा यंत्राचा प्लग उपटतो. हे त्याचं आवडतं काम.

"आहे," मी म्हटलं. "माझी आई."

"मग बोलाव की! नात्याचं काय एवढं? तोंडात पाणी असल्यावर आई काय आणि परकी काय."

त्याला काय माहीत. आईला बोलवायचं म्हणजे तिला आणि मुकादमांना एका खोलीत बसवायचं, आणि ते तीन वर्षं मी शिताफीने टाळत आले होते.

वीस वर्षांपूर्वी आईने एका रक्तपेढीच्या थंड खोलीसाठी प्रोग्राम लिहिला होता. खोली किती थंड आहे याची दर मिनिटाला नोंद. नोंद ठेवायला तेव्हाचा कॉल 'लिही'. हा 'लिही' फार लबाड. तुम्ही शंभर अक्षरं द्यायची, चिप कामात असली तर तो चाळीसच घ्यायचा आणि उत्तरात गुपचूप आकडा परत करायचा: चाळीस. उरलेली साठ तुम्ही पुन्हा द्यायची. नाही दिली तर गेली. एरवी आकडा नेहमी शंभर यायचा, त्यामुळे आईने तो पाहिला नाही. तिच्यासारख्या शेकडो जणांनी पाहिला नव्हता. एके दिवशी कळलं की अकरा दिवसांच्या नोंदी अर्ध्यामुर्ध्या आहेत. खोली थंड होती हे सिद्ध करता येईना. खोलीतलं सगळं रक्त टाकून द्यावं लागलं.

चौकशी झाली. ज्यांनी सिस्टिम बनवली त्यांच्याकडून एका ओळीचं पत्र आलं: 'वापरणारीने आलेला आकडा पाहिला नाही.' बस. त्यांनी काखा वर केल्या आणि आईचं ते काम काढून घेतलं गेलं. तेव्हापासून ती वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहिते. उत्तम लिहिते, पण त्या दिवसापासून तिला कशाचा भरवसा म्हणून वाटत नाही. दूध प्यायले म्हटलं की विचारणार, "सगळं की अर्धं?" अभ्यास झाला? सगळा की अर्धा? माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती, "आवडते ना? सगळी की अर्धी?" बिचारा घाबरून "सगळी, सगळी" म्हणाला.

'लिही' ज्याने रचला त्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही; आमच्या घरात त्याला 'आकडेवाला' म्हणत. या ऑफिसात लागून महिना झाला नव्हता तेव्हा जुन्या कागदांत ते पत्र मला सापडलं. खाली सही मुकादमांची. मी कागद होता तिथे ठेवला आणि दोघांपैकी कोणालाही काही सांगितलं नाही. वाईट माणूस असता तर सांगितलंही असतं. पण मला हातात पेन धरायला शिकवावं तसं कॉल रचायला शिकवलं ते त्यांनीच.

आई साडेअकराला आली. खांद्याला पिशवी, पिशवीत चष्म्याची दोन घरं, एक चष्मा मोडला तर दुसरा असावा म्हणून. मुकादमांनी उठून नमस्कार केला. "फार आयत्या वेळी त्रास दिला तुम्हाला. चहा?"

"मी घेऊन आले. तुमचा झाला?"

"झाला की."

आईने त्यांच्या टेबलावरच्या कपात डोकावून पाहिलं. "अर्धाच झालाय," ती म्हणाली.

मुकादम जरा चपापले आणि त्यांनी उभ्याउभ्या उरलेला चहा संपवला. मला हसावं की रडावं कळेना.

मी पाण्याचा घोट घेतला, गाल फुगवले आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसले. मुकादम भिंतीशी रजिस्टर घेऊन बसले. निकाल देणाऱ्याने कागद आधी वाचायचा नाही हाही त्यांचाच नियम, त्यामुळे त्यांनी फक्त शेवटी आकडे जुळतात का एवढंच पाहायचं. शंकासुर प्लगच्या बाजूला स्टूल ओढून बसला.

आईला काम सांगितलं गेलं. पंपाच्या मोटरला स्वतःची बॅटरी असते, लाइट गेली तरी ती चालत राहते. एक डोस गेला की ती प्रोग्रामला कळवते: 'सतरावा डोस गेला.' प्रोग्रामने नोंद ठेवायची आणि मोटरला 'समजलं' म्हणायचं. 'समजलं' ऐकू येईपर्यंत मोटर तेच तेच सांगत राहते. एवढाच प्रोग्राम.

आई कागद वाचू लागली. एकदा. दोनदा. बोट ओळीवरून सरकवत तिसऱ्यांदा. कागदावरच्या प्रत्येक ओळीत तीच होती. 'ठेव' अर्धं घेत नाही. सगळं घेतो किंवा काहीच घेत नाही. चिप कामात असेल तर थांबतो. चिपमध्ये पक्कं बसल्याशिवाय परत येत नाही. आणि काही बिघडलंच तर वाईट बातमी आकड्यात लपवून देत नाही, प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवतो आणि यंत्र शिट्टी मारतं. उत्तरात फक्त एकूण किती नोंदी झाल्या तो आकडा येतो, पडद्यावर दाखवायचा असला तर.

"अरे वा," आई कागदाला म्हणाली. "सगळं की अर्धं हे विचारायलाच नको की याला!"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. गाल एवढे ताणले की पाणी नाकातून येतं की काय असं वाटलं.

तिने प्रोग्राम लिहिला. तीन ओळींचा जीव. मोटरचं ऐक, नोंद 'ठेव', 'समजलं' म्हण. मग तिने पेन्सिल कानामागे खोचली आणि थांबली. ही तिची खूण मला लहानपणापासून माहीत आहे. काहीतरी खुपलं की पेन्सिल कानामागे जाते.

"बरं," ती स्वतःशीच म्हणाली, "नोंद पक्की झाली. पण मी मोटरला 'समजलं' म्हणायच्या आत लाइट गेली तर?"

तिने कागद उलटून मागची बाजू पाहिली. कोरी. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझे गाल फुगलेले.

"असो," ती म्हणाली आणि पेन्सिल खाली ठेवली. "विचार केला असेल तिने."

मी विचार केलेला नव्हता!

अकरा महिने! अकरा महिने मी ती अर्धी नोंद, हरवलेली नोंद, वाकडी नोंद यांच्या मागे हात धुऊन लागले होते, आणि एकच नोंद दोनदा होईल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लाइट आली की मोटर पुन्हा सांगणार, सतरावा डोस गेला. प्रोग्राम बिचारा पुन्हा 'ठेव' म्हणणार. माझा शहाणा 'ठेव' सतराव्याची नोंद पुन्हा जपून ठेवणार, पक्की, कायमची. आता नोंदी अठरा आणि डोस सतरा. नर्स नोंद वाचणार आणि एक डोस कमी देणार.

"चला, सुरू," शंकासुर म्हणाला आणि त्याने प्लग उपटला.

एक. दोन. पाच. प्रत्येक वेळी यंत्र मेलं, पुन्हा उठलं, डोस आणि नोंदी जुळल्या. ती फट होतीच किती? डोळ्याची पापणी लवायच्या शंभराव्या हिश्श्याइतकी. शंकासुराचा हात त्या फटीत पडणं कठीण. अकरा. चौदा. आई प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने वाचत होती आणि तिचा चेहरा खुलत चालला होता. असा चेहरा मी तिचा शेवटचा कधी पाहिला होता तेही आठवेना. एकोणीस. वीस.

"वीसपैकी वीस," शंकासुर म्हणाला. "मला शंका नाही. लिहून ठेवा, आज मला शंका नाही!"

मुकादमांनी पेनाचं टोपण काढलं.

एक सही. ती झाली की पाणी गिळायचं, आईला मिठी मारायची आणि पाच वाजता 'ठेव' चिपमध्ये. आणि मग कुठेतरी, कोणत्या तरी पलंगाशी, एखाद्या दिवशी लाइट त्या फटीत जाणार. चौकशी होणार. आम्ही पत्र लिहिणार. काय लिहिणार तेही मला तोंडपाठ होतं.

"थांबा!" मी ओरडले.

म्हणजे ओरडायला गेले. तोंडात पाणी आहे हे विसरलेच. अर्धं पाणी कागदावर, अर्धं मुकादमांच्या बाहीवर.

"गुळणी सुटली," शंकासुर हळूच म्हणाला, जसं काही घरात कोणी आजारी आहे.

"सुटू दे! आईने विचारलं ते कोणी ऐकलं नाही का? 'समजलं' म्हणायच्या आत लाइट गेली तर नोंद दोनदा होते!" मी फळ्याशी धावले आणि खाडखाड लिहून दाखवलं. सतरा, लाइट, पुन्हा सतरा, अठरा.

शंकासुर फळ्याकडे पाहत राहिला. "पण मागची नोंद वाचून ताडून पाहता आलं असतं ना त्यांना," तो म्हणाला. "वापरणाऱ्याने तेवढं पाहायला नको?"

माझं टाळकंच सरकलं. "वापरणाऱ्याने पाहायला हवं होतं! बारा वर्षांची असल्यापासून ऐकतेय हे! 'वापरणारीने आलेला आकडा पाहिला नाही.' एका ओळीत मोकळे! तीन ओळींचा सरळ प्रोग्राम लिहिलाय तिने, कागदावर जे आहे तेच केलंय. आई, तू चुकली नाहीस. मी चुकले."

आईने चष्मा काढला आणि पदराने पुसू लागली. माझ्याकडे नाही, ती मुकादमांकडे पाहत होती. कारण मुकादमांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते वाक्य त्यांनी ओळखलं होतं.

"रक्तपेढी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच का ते?" आईने विचारलं.

"मीच."

आईने चष्मा डोळ्यांवर चढवला. तोंड उघडलं. वीस वर्षांचं साठलेलं आता बाहेर पडणार असं मला वाटलं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दीड वाजलाय," ती म्हणाली. "आपलं नंतर बघू. आधी याचं काय करायचं ते बोला."

"कॉल बाद," मुकादम म्हणाले. "नियम आहे. पण दुरुस्त केलेला कॉल हा नवा कॉल. नव्या कॉलला नवी परीक्षा. साडेतीन तास आहेत." आणि दुरुस्ती कानावर पडू नये म्हणून ते रजिस्टर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

"पण दुरुस्त कसा करायचा?" मी म्हटलं. "नोंदीला मी आतल्या आत नंबर घालते खरी, पण तो नोंद झाल्यावर पडतो. दुसऱ्यांदा आली की दुसरा नंबर. मला कसं कळणार की ही तीच?"

"अगं पण तू कशाला घालतेस नंबर?" आई म्हणाली. "मोटर मला सांगतेय ना, सतरावा म्हणून? नंबर माझ्याकडे आधीच आहे! मला घालू दे. मी म्हणेन, सतरा नंबरची नोंद ठेव. पुन्हा म्हटलं सतरा, तर तू म्हणायचं, आहे, झालंय. दुसरी ठेवायची नाही."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नंबर आतून द्यायचा नाही, बाहेरून घ्यायचा! मग एकदा मागा नाहीतर दहादा मागा, नोंद एकच. लाइट कुठल्याही फटीत जाऊ दे!

"आई!" मी किंचाळले. "आई, तू इतकी वर्षं वजनकाट्यांत काय करत होतीस!"

"वजनं," ती म्हणाली.

पुढचे दोन तास कसे गेले ते मला विचारू नका. बदल चाळीसएक ओळींचा, पण प्रत्येक ओळ आईने मागून वाचली आणि प्रत्येक ओळीला विचारलं, सगळं की अर्धं. दोनदा ते अर्धं निघालं. शंकासुराने शंकांचा सपाटा लावला. रिकामा नंबर आला तर? तोच नंबर पण मजकूर वेगळा आला तर? ही दुसरी शंका लाखमोलाची होती. तसं झालं तर 'ठेव'ने प्रोग्राम थांबवायचा आणि शिट्टी मारायची, असं ठरलं. या वेळी हाताने प्लग उपटणं नको म्हणून त्याने एक छोटं यंत्र जोडलं, नेमकं त्या फटीत लाइट घालवणारं. जुन्या 'ठेव'वर लावून पाहिलं तर पहिल्याच फटक्यात नोंदी दोन. माझी मान खाली गेली. नव्यावर लावलं, नोंद एक. पुन्हा लावलं. एक. मी टेबलाभोवती नाचले, खोटं कशाला सांगू.

पावणेचारला नवा कागद तयार झाला. आणि मग शंकासुराने शेवटची शंका काढली. "परीक्षेला बसणार कोण? आता तर तुझ्या आईनेही पाहिलाय कागद."

"मी पाहिलेला नाही," मुकादम म्हणाले. दोन तास ते बाहेरच्या खोलीत दार लावून बसले होते.

"सर, तुम्ही वरचा प्रोग्राम कधी लिहिलाय?"

"चाळीस वर्षांत एकदाही नाही."

"मग फार उत्तम," आई म्हणाली आणि तिने आपली खुर्ची त्यांना दिली.

नंबरची कल्पना तिची, त्यामुळे गुळणी तिलाही लागू. आम्ही मायलेकी मागच्या खुर्च्यांत शेजारी शेजारी गाल फुगवून बसलो. आईकडे पाहिलं की मला हसू फुटायचं, म्हणून मी छताकडे पाहत होते.

मुकादम कागद वाचत होते. कपाळाला आठ्या. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ज्या माणसाने आम्हा सगळ्यांना शिकवलं तो तीन ओळींसाठी अर्धा तास घामाघूम होत होता. एकदा त्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं होतं. आईने गाल आणखी फुगवले. ते निमूटपणे पुन्हा कागदाकडे वळले.

साडेचारला प्रोग्राम झाला. शंकासुराने यंत्र लावलं आणि लाइट घालवायला सुरुवात केली, प्रत्येक वेळी नेमकी फटीत. मध्ये मध्ये तो चिपला मुद्दाम दुसऱ्या कामात गुंतवत होता, जशी ती त्या थंड खोलीत गुंतलेली होती. दहा. वीस. पन्नास. शंभर.

"शंभर डोस," तो म्हणाला. "शंभर नोंदी."

माझे डोळे भरून आले. गिळायचं मात्र अजून नव्हतं.

मुकादमांनी रजिस्टर पुढे ओढलं, आणि पेन टेकवण्याआधी आपल्याच प्रोग्रामकडे एकदा पाहिलं. मग जवळ वाकून पाहिलं. तीन ओळी. ऐक, ठेव, समजलं म्हण. 'ठेव'कडून परत येणारा आकडा त्यांनी कुठे घेतलाच नव्हता. तपासायचं तर सोडाच.

मग त्यांनी रजिस्टरात लिहिलं. मी मान उंच करून वाचलं.

'वापरणाऱ्याने आलेला आकडा पाहिला नाही. तरीही एकही नोंद हरवली नाही.'

त्यांनी रजिस्टर वळवून आईसमोर धरलं. आईने चष्मा सारखा केला आणि बोट ओळीवरून सरकवत वाचलं. एकदा. दोनदा. सही अजून झाली नव्हती, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. तिने डावा हात पसरला आणि उजव्या हाताची कड तळव्याच्या बरोबर मध्यावर ठेवली.

शंकासुराला ती खूण कळली नाही. मला कळली, आणि मुकादमांनाही. सकाळी त्यांनी चहा संपवला होता ना.

अर्धं.

त्यांनी रजिस्टर परत घेतलं. या वेळी खोडाखोड न करता एका दमात लिहिलं: 'वीस वर्षांपूर्वी रक्तपेढीच्या नोंदी हरवल्या तेव्हाही चूक वापरणारीची नव्हती. कॉलची होती. तो मी रचला होता.' खाली तारीख घातली आणि सही केली.

आईने तेही बोट सरकवत वाचलं. मग तो तळव्यावरचा हात काढून घेतला आणि मान डोलावली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि तोंडातलं मात्र अजून तोंडातच होतं. मी माझं कधीच गिळून टाकलं होतं. तिच्या दंडाला धरून मी म्हटलं, "आई, गिळ. झाली सही."

तिने गिळलं. मुकादम उभे राहिले होते, दोन्ही हातांनी रजिस्टर छातीशी धरून, ती काय बोलते याची वाट पाहत.

"केवढं कोमट झालं होतं पाणी," आई म्हणाली, आणि हसायलाच लागली. मग मुकादम हसले, शंकासुर का हसायचं हे न कळता हसला, आणि मी हसत, डोळे पुसत, पाचला सहा मिनिटं कमी असताना फाइल कारखान्याला पाठवली.

"गेली?" आईने विचारलं.

"गेली. सगळी."